रामानुजन यांची शिष्यवृत्ती

भोसले राजघराण्यामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या काठी, कुंभकोणम हे देवळांचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावातील सरकारी महाविद्यालयाचा लौकिक एवढा वाढला होता की, लोक त्याला दक्षिणेचे केंब्रिज म्हणत. जानेवारी १९०४ मध्ये सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने या महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्याला सुब्रह्मण्यम शिष्यवृत्ती मिळाली. इंग्रजी आणि गणित या दोन विषयांतील प्रावीण्याबद्दल ती देण्यात येत असे. एका वर्षाने तीच शिष्यवृत्ती त्याच्या हातून गेली, आणि ती गेली इंग्रजीपायी. हा विद्यार्थी म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेले गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला. वडील श्रीनिवास अय्यंगार कुंभकोणममधील एका कापड दुकानात कारकून होते. त्यांना महिन्याला वीस रुपयांच्या आसपास वेतन मिळे. आई कोमलताम्माळ करारी स्वभावाची होती. ती देवळात भजने म्हणत असे आणि घरखर्चाला हातभार म्हणून घरात विद्यार्थ्यांना राहावयास ठेवून घेत असे. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरील या लहानशा घरात सुबत्ता नव्हती. पण मुलाच्या शिक्षणाविषयी आस्था होती.

शाळेत रामानुजन यांना परीक्षांचे भय कधीच वाटले नाही. नोव्हेंबर १८९७ मध्ये प्राथमिक परीक्षेत इंग्रजी, तमिळ, भूगोल आणि अंकगणित हे विषय घेऊन ते जिल्ह्यात सर्वप्रथम आले. टाऊन हायस्कूलमध्ये त्यांनी अनेक बक्षिसे मिळवली. शाळेत बाराशे विद्यार्थी आणि पस्तीस-एक शिक्षक होते. त्यांच्या तासांचे वेळापत्रक बसवण्याचे किचकट काम गणिताचे शिक्षक या मुलाकडे सोपवीत. घरी राहणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांजवळचे गणित संपल्यावर त्यांनी लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक मिळवले आणि तेराव्या वर्षीच ते आत्मसात केले. १९०४ च्या बक्षीस समारंभात मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर यांनी त्यांना गणिताचे रंगनाथ राव पारितोषिक दिले. पूर्ण गुणांहूनही अधिक गुण देता आले असते, तर या मुलाला ते द्यावे लागले असते, असा अभिप्राय मुख्याध्यापकांनी त्या वेळी व्यक्त केला. गुणपत्रिकेची मोजपट्टी या विद्यार्थ्याला अपुरी पडते, हे ओळखणारे ते बहुधा पहिलेच शिक्षक असावेत.

मात्र त्याआधी १९०३ मध्ये एक घटना घडून गेली होती. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून एका मित्रामार्फत रामानुजन यांच्या हाती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आले. जॉर्ज कार नावाच्या लंडनमधील एका खाजगी शिकवणी घेणाऱ्या शिक्षकाने ते रचले होते. केंब्रिजच्या परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांना उजळणीसाठी उपयोगी पडावे, हा त्यामागील हेतू होता. गणितातील हजारो सिद्धांत त्यात एकापाठोपाठ एक मांडलेले होते; बहुतेकांच्या सिद्धता अगदी त्रोटक होत्या किंवा मुळीच नव्हत्या. दुसऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने असे पुस्तक चाळून परत केले असते. रामानुजन यांनी त्यातील प्रत्येक सूत्राची सिद्धता स्वतः शोधण्याचा ध्यास घेतला. एक सूत्र सिद्ध करताना त्यांना आणखी चार नवी सूत्रे सुचत. कागद महाग असल्यामुळे हे काम पाटीवर चाले. पाटी भरली की ते कोपराने पुसून टाकीत, आणि हाती लागलेला निष्कर्ष तेवढा वहीत उतरवून ठेवीत. परीक्षेच्या तयारीसाठी लिहिलेल्या पुस्तकाने या मुलाला परीक्षेपासूनच दूर नेले, हा दैवयोग चमत्कारिक म्हटला पाहिजे.

त्या काळी मॅट्रिकनंतर फर्स्ट आर्ट्स, म्हणजे एफ. ए., हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असे. बी. ए. साठी तो पार करणे आवश्यक होते. त्यात गणिताबरोबरच इंग्रजी, ग्रीस आणि रोम यांचा इतिहास, शरीरशास्त्र असे विषय असत. प्रत्येक विषयात उत्तीर्ण होणे बंधनकारक होते. एका विषयातील अधिक गुण दुसऱ्या विषयातील उणीव भरून काढू शकत नसत. शिष्यवृत्ती पुढे चालू राहण्यासाठीही वरच्या वर्गात बढती मिळणे जरुरीचे होते.

रामानुजन वर्गात हजर असत, पण त्यांचे लक्ष तेथे नसे. इतिहासाचा तास असो वा इंग्रजीचा, त्यांच्या वहीवर गणिताचीच आकडेमोड चाललेली असे. शरीरशास्त्राविषयी तर त्यांना तिटकारा होता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. जानेवारी १९०५ मध्ये त्यांना वरच्या वर्गात बढती मिळाली नाही आणि शिष्यवृत्ती बंद झाली. महाविद्यालयाचे एका सत्राचे शुल्क बत्तीस रुपये होते, म्हणजे वडिलांचे सुमारे दीड महिन्याचे वेतन. आई रागाने प्राचार्यांना जाऊन भेटली. आपल्या मुलासारखे गणित येणारा विद्यार्थी दुसरा नाही, त्याची शिष्यवृत्ती काढून घेणे योग्य नव्हे, असे तिचे म्हणणे होते. प्राचार्यांनी तिचे बोलणे सौजन्याने ऐकून घेतले, पण निर्णय बदलला नाही. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु एका विद्यार्थ्यासाठी नियम वाकवला, तर ज्यांनी सर्व विषयांचा नेटाने अभ्यास केला त्या इतर गरजू मुलांना काय उत्तर द्यावयाचे, हा प्रश्नही त्यांच्यापुढे असणार.

काही महिने रामानुजन यांनी कसेबसे काढले. त्यानंतर ऑगस्ट १९०५ मध्ये ते कोणालाही न सांगता घरातून निघून गेले आणि आगगाडीने विशाखापट्टणमकडे गेले. घाबरलेल्या घरच्या मंडळींनी मद्रासच्या ‘हिंदू’ या वृत्तपत्रातून त्यांचा शोध केला. काही काळाने ते परतले. पण उपस्थिती अपुरी भरल्याने त्यांना सत्र पूर्ण केल्याचा दाखला मिळू शकला नाही. अशा रीतीने गुणवत्तेवर मिळवलेले कुंभकोणमचे शिक्षण संपले.

१९०६ मध्ये ते मद्रासला पच्चैयप्पा महाविद्यालयात दाखल झाले. येथील गणिताच्या प्राध्यापकांनी त्यांची बुद्धी चटकन ओळखली. फळ्यावर दहा-बारा पायऱ्यांत सोडवलेले उदाहरण हा विद्यार्थी तीन-चार पायऱ्यांत सोडवून दाखवी. पण शरीरशास्त्र येथेही होतेच. सशाच्या पचनसंस्थेवरील प्रश्नाला त्यांनी काय उत्तर लिहिले, याची एक गंमतीदार आख्यायिका सांगितली जाते. पाठ न पचलेला तसाच परत करीत आहे, अशा आशयाचे ते उत्तर होते म्हणे. गणिताची तीन तासांची प्रश्नपत्रिका अर्ध्या तासात सोडवणाऱ्या या विद्यार्थ्याला शरीरशास्त्रात शेकडा दहा गुणही पडत नसत. पुढे प्रकृती बिघडल्यामुळे त्यांना कुंभकोणमला परतावे लागले. १९०७ च्या अखेरीस ते खाजगीरीत्या एफ. ए. ला बसले. गणितात त्यांनी बाजी मारली. तरी परीक्षेचा निकाल अनुत्तीर्ण असाच लागला.

रामानुजन आता वीस वर्षांचे झाले होते. त्यांच्याजवळ पदवी नव्हती, नोकरी नव्हती आणि कोणतीही शिष्यवृत्ती मिळण्याची आशाही नव्हती. त्यांच्याजवळ होत्या त्या केवळ सूत्रांनी भरत चाललेल्या वह्या. १४ जुलै १९०९ रोजी त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांचा विवाह जानकी या दहा वर्षांच्या मुलीशी झाला आणि चरितार्थाचा प्रश्न अधिकच निकडीचा बनला.

वह्या काखोटीला मारून रामानुजन नोकरीच्या शोधात हिंडू लागले. तिरुक्कोयिलूर येथे डेप्युटी कलेक्टर असलेले व्ही. रामस्वामी अय्यर हे गणिताचे मोठे चाहते होते. भारतीय गणित परिषदेची स्थापना त्यांनीच १९०७ मध्ये केली होती. या संस्थेचे ग्रंथालय सुरुवातीच्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवलेले असे. महसूल खात्यात एखादी कारकुनी द्यावी, एवढीच रामानुजन यांची विनंती होती. वही पाहून रामस्वामी अय्यर थक्क झाले. अशा बुद्धीला महसूल खात्याच्या दप्तरात कोंडून घालणे त्यांना बरे वाटले नाही. त्यांनी नोकरी दिली नाही, परिचयपत्रे दिली. त्या पत्रांच्या आधारे डिसेंबर १९१० मध्ये रामानुजन नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचले. प्रथम साशंक असलेल्या रामचंद्र रावांची हळूहळू खात्री पटली आणि त्यांनी स्वतःच्या खिशातून दरमहा पंचवीस रुपये देण्यास प्रारंभ केला. एका अर्थी ही रामानुजन यांची दुसरी शिष्यवृत्ती होती. मात्र तिच्यासाठी कोणतीही परीक्षा द्यावी लागली नाही. १९११ मध्ये गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांचा बर्नुली संख्यांवरील पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

कोणाच्या औदार्यावर फार काळ जगणे रामानुजन यांच्या मनाला पटेना. फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टकडे अर्ज केला. आपण मॅट्रिक उत्तीर्ण असून एफ. ए. पर्यंत शिकलो आहोत, काही अडचणींमुळे पुढील शिक्षण होऊ शकले नाही, असे त्यांनी त्यात प्रामाणिकपणे नमूद केले. १ मार्च १९१२ पासून दरमहा तीस रुपयांवर ते कारकून म्हणून रुजू झाले. कचेरीतील वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर स्वतः गणिती होते, आणि ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हेही गुणग्राहक होते. या दोघांनी त्यांना धीर दिला. १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिज येथील ट्रिनिटी महाविद्यालयातील गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले आणि त्यासोबत शंभराहून अधिक सूत्रे जोडली. आपण विद्यापीठाचे शिक्षण घेतलेले नाही, हे त्यांनी पत्राच्या आरंभीच सांगून टाकले होते.

केंब्रिजमधील गणिताची ट्रायपॉस परीक्षा त्या काळी जगभर प्रसिद्ध होती. तिचा निकाल गुणानुक्रमे लागे आणि पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यांना रँग्लर म्हणत. मुंबई विद्यापीठातील यशामुळे मिळालेल्या सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये या परीक्षेत पहिल्या स्थानाचे मानकरी ठरले. महाराष्ट्रात त्यांचे नाव रँग्लर परांजपे असेच रूढ झाले. हार्डी स्वतः त्याच्या आदल्या वर्षी चौथे आले होते. तरीही गुणांसाठी चाललेली ही शर्यत गणिताच्या खऱ्या अभ्यासाला मारक आहे, असे त्यांचे ठाम मत होते. गुणानुक्रमाची ही प्रथा १९०९ नंतर बंद झाली, त्यामागील चळवळीत हार्डी यांचा पुढाकार होता. एफ. ए. नापास झालेल्या कारकुनाचे पत्र नेमके अशा माणसाच्या हाती पडले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांनी ती सूत्रे बारकाईने तपासली. हे काम असामान्य प्रतिभेच्या माणसाचे आहे, याविषयी त्यांची खात्री पटली. ८ फेब्रुवारीला हार्डी यांनी उत्तर धाडले.

त्याच महिन्याच्या अखेरीस हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर दौऱ्यावर मद्रासला आले. १८८९ च्या ट्रायपॉसमध्ये ते पहिले आलेले होते. सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्यांना रामानुजन यांच्या वह्या दाखवल्या. वॉकर यांनी २६ फेब्रुवारी १९१३ रोजी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून, या तरुणाला काही वर्षे पोटापाण्याची चिंता न करता गणितासाठी सर्व वेळ देता यावा, अशी व्यवस्था करण्याची शिफारस केली. अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक बी. हनुमंत राव यांनी गणिताच्या अभ्यासमंडळाची सभा बोलावली आणि मंडळाने रामानुजन यांना दरमहा पंच्याहत्तर रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती द्यावी असे सुचवले.

प्रश्न सिंडिकेटपुढे आला, तेव्हा जुनी अडचण पुन्हा उभी राहिली. संशोधन शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी होती. रामानुजन यांच्याजवळ पदव्युत्तर सोडाच, पहिली पदवीही नव्हती, ते एफ. ए. सुद्धा नव्हते. काही सदस्यांनी नियमावर बोट ठेवले. तेव्हा न्यायमूर्ती पी. आर. सुंदरम अय्यर यांनी वेगळाच मुद्दा मांडला. विद्यापीठ ज्या कायद्याने स्थापन झाले, त्याच्या उद्देशिकेत संशोधनाला उत्तेजन देणे हे विद्यापीठाचे एक कार्य म्हणून सांगितलेले आहे. रामानुजन यांची परीक्षेतील कामगिरी काहीही असो, ते संशोधन करण्यास समर्थ आहेत, हे तर सिद्ध झालेलेच आहे. कायद्याचा हेतू साधत असेल, तर पोटनियम आड येऊ देऊ नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. न्यायाधीशाने नियमाच्या बाहेर न जाता नियमाच्या मुळाशी जाऊन मार्ग काढला. शिष्यवृत्ती मंजूर झाली. आठ वर्षांपूर्वी कुंभकोणममध्ये आईने मागितले होते तेच या वेळी मिळाले. फरक एवढाच की, या वेळी रामानुजन यांच्या बाजूने बोलणारे दोन सीनियर रँग्लर, एक न्यायाधीश आणि पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष होते, असे म्हणावे, तर त्यात एक दुरुस्ती करावी लागेल: हार्डी सीनियर रँग्लर नव्हते, चौथे होते.

१ मे १९१३ पासून रामानुजन मद्रास विद्यापीठाचे संशोधक विद्यार्थी झाले. शिष्यवृत्ती दोन वर्षांची होती आणि दर तीन महिन्यांनी प्रगतीचा अहवाल सादर करावा, एवढीच तिची अट होती. त्यांनी असे तीन अहवाल दिले. ज्यांना वर्गात बसून परीक्षेपुरते लिहिणे जमले नव्हते, त्यांनी हे अहवाल मात्र ठरल्या वेळी सादर केले.

जानेवारी १९१४ मध्ये ट्रिनिटीचे ई. एच. नेव्हिल व्याख्यानांसाठी मद्रासला आले आणि रामानुजन यांना इंग्लंडला येण्यास राजी करण्याची कामगिरी हार्डी यांनी त्यांच्यावर सोपवली. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या घरातून संमती मिळणे सोपे नव्हते. पण अखेर ती मिळाली. विद्यापीठाने वार्षिक अडीचशे पौंडांची शिष्यवृत्ती आणि प्रवासखर्च मंजूर केला. त्यातील काही रक्कम दरमहा आईवडिलांना पोहोचावी, अशी व्यवस्था रामानुजन यांनी निघण्यापूर्वीच करून ठेवली. १७ मार्च १९१४ रोजी ‘नेवासा’ या बोटीने ते निघाले.

केंब्रिजमधील पाच वर्षांचा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. १७२९ या संख्येची गोष्ट तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. येथे एवढे सांगणे पुरे की, केंब्रिजनेही प्रवेशासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची अट त्यांच्यापुरती शिथिल केली आणि अतिविभाज्य संख्यांवरील संशोधनाबद्दल मार्च १९१६ मध्ये त्यांना बी. ए. ही पदवी दिली. एफ. ए. न होता ते पदवीधर झाले. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो निवडले गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. मात्र महायुद्धाचा काळ, परकी हवामान, शाकाहारी अन्नाची टंचाई आणि अखंड परिश्रम यांमुळे १९१७ पासून त्यांची प्रकृती ढासळत गेली. पुढील बराच काळ त्यांनी रुग्णालयांत काढला.

मद्रास विद्यापीठाने आता आपण होऊन त्यांना एप्रिल १९१९ पासून पाच वर्षांसाठी दर वर्षी अडीचशे पौंडांचे साहाय्य देऊ केले. त्यासाठी ना परीक्षा होती, ना अहवालाची अट. आजारी रामानुजन यांनी ११ जानेवारी १९१९ रोजी विद्यापीठाच्या कुलसचिवांना पत्र लिहिले. त्यांनी साहाय्य कृतज्ञतेने स्वीकारले. पण भारतात परतल्यावर ही रक्कम आपल्या गरजेपेक्षा पुष्कळच अधिक होईल, असे कळवले. इंग्लंडमधील खर्च भागल्यानंतर वर्षाला पन्नास पौंड आईवडिलांना द्यावेत, आणि आपल्या आवश्यक खर्चानंतर जे उरेल, ते गरीब व अनाथ मुलांचे शालेय शुल्क कमी करण्यासाठी आणि शाळांना पुस्तके पुरवण्यासाठी खर्च करावे, अशी त्यांनी विनंती केली. हुशार मुलांसाठी किंवा गणितात प्रवीण असलेल्यांसाठी, असा उल्लेख त्यांनी त्यात केला नव्हता.

२७ मार्च १९१९ रोजी ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले आणि तेथून मद्रासकडे गेले. शरीर खंगत असतानाही त्यांचे लेखन थांबले नाही. जानेवारी १९२० मध्ये हार्डी यांना लिहिलेल्या अखेरच्या पत्रात त्यांनी एका नव्या प्रकारच्या फलांची कल्पना मांडली. ही फले आज मॉक थीटा फले म्हणून ओळखली जातात आणि गणितज्ञ त्यांवर अजूनही काम करीत आहेत. जानकी त्यांच्या उशाशी बसून असत आणि ते मागतील तसे कागद त्यांच्या हाती देत. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासमधील चेटपेट येथे वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. विद्यापीठाने पाच वर्षांसाठी दिलेल्या साहाय्याचे तेव्हा एकच वर्ष सरले होते.